आवाज येतो, चित्र येत नाही



लग्नसराई संपली आणि सुट्टीवर आलेली आखातातली माणसे परत गेली, की ‘घरचा संगणक’ या आमच्या सदराकडे एकाच तऱ्हेची पत्रे येऊ लागतात. व्हिडिओ चालत नाही. कुणाच्या निकाहाची डीव्हीडी नवा लॅपटॉप घेत नाही. कुणाच्या भावाने कुवेतहून पाठवलेल्या फाइलीतून आवाज येतो, पण पडदा काळाच राहतो. कुणी पेनड्राइव्ह लावतो, फाइल समोर दिसते आणि उघडता उघडत नाही. या महिन्यात रायगड जिल्ह्यातल्या एका बहिणीचे पत्र आले आहे. तिच्या निकाहाला बावीस वर्षे झाली. त्या वेळच्या दोन सीडी घरात आहेत आणि त्यांतल्या एकीत तिच्या मरहूम अब्बांनी रुखसतीच्या वेळी मागितलेली दुआ आहे. त्यांचा आवाज घरात दुसरा कुठेही नाही. सीडी चालेना म्हणून धाकट्या दिराने निकाल दिला, “भाभी, ही खराब झाली. फेकून द्या आता.”

फेकू नका, असे तिला आम्ही आधी कळवले आणि मगच हा लेख लिहायला घेतला. न चालणाऱ्या फायलींपैकी पुष्कळशा फायली खराब झालेल्याच नसतात. त्या धडधाकट असतात, आपल्या संगणकाला त्या वाचता येत नाहीत एवढेच. हा फरक ठाऊक नसल्यामुळे दोन गोष्टी होतात. एक तर माणसे चांगली फाइल पुसून टाकतात, नाही तर घाईघाईने ती दुकानात नेऊन देतात किंवा इंटरनेटवरच्या कुठल्या तरी अनोळखी ठिकाणी चढवतात. दुसरी गोष्ट आम्हाला पहिलीपेक्षाही जास्त खटकते. का, ते पुढे येईलच.

निकाहाचे शूटिंग करावे की करू नये, हा वाद या सदराचा नाही. त्यावर उलेमांचे लेख याच मासिकात येऊन गेले आहेत. फाइल घरात आहे आणि ती चालत नाही, इथून आम्ही सुरुवात करतो.

आपल्याकडे घरोघरी बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा असतो. वर बिस्किटांचे चित्र आणि आत सुई-दोरा, बटणे. व्हिडिओ फाइलीचे तसेच आहे. नावाच्या शेवटी टिंबानंतर जी अक्षरे असतात, एमपी४, एमओव्ही, एव्हीआय, एमकेव्ही, ती फक्त डब्याचे नाव सांगतात. आत चित्र एका पद्धतीने दाबून भरलेले असते, आवाज दुसऱ्याच पद्धतीने. दाबण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. एकाच एमपी४ डब्यात २००३ साली आलेल्या एच.२६४ पद्धतीचे चित्र असू शकते, तसेच २०१३ साली आलेल्या एचईव्हीसी पद्धतीचेही. संगणकाकडे पहिली उलगडण्याची सोय असते, दुसरीची नसते. म्हणून दोन्ही फायली एमपी४ असल्या तरी एक चालते आणि दुसरी नाही. आणि म्हणूनच फाइलीचे नाव बदलून एमकेव्हीच्या जागी एमपी४ लिहिल्याने काही साधत नाही. झाकण बदलले म्हणून आतला सुई-दोरा बिस्किट होत नाही.

हे ध्यानात आले की लक्षणांवरून रोग ओळखता येतो. आवाज येतो पण चित्र येत नाही, तर चित्राचा कोडेक नाही. चित्र आहे, आवाज नाही, तर आवाजाचा नाही. दोन्ही आहेत पण चित्र अडखळत, उड्या मारत चालते, तर फाइलही ठीक आहे आणि कोडेकही, संगणकाचा दम कमी पडतो आहे. काहीच होत नाही, लगेच इंग्रजीत एक सूचना येते, तर मात्र फाइल अपुरी किंवा तुटलेली असण्याची शंका घ्यायची.

काहीही करण्याआधी त्या फाइलीची एक प्रत करून घ्या आणि जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवर करा. मूळ फाइल असलेले कार्ड किंवा पेनड्राइव्ह बाजूला काढून ठेवा. संगणक कधी म्हणतो की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. तिथे होकार देऊ नका, रद्द करा आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे.

मग फाइलीवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि आकार पाहा. शून्य बाइट दिसले तर आत काहीच आलेले नाही. अर्ध्या तासाची फाइल आणि आकार दोन-तीन एमबी, तर ती अर्धवट उतरली आहे. ज्याने पाठवली त्याला फोन करून एवढेच विचारा, “भाईजान, तुमच्याकडे ही फाइल किती एमबीची दिसते?” दोन्हीकडचा आकडा बाइटपर्यंत जुळला पाहिजे. जुळत नसेल तर इकडे कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, पुन्हा मागवणे हाच इलाज. पेनड्राइव्ह कॉपी पुरी होण्याआधी उपटून काढणे हे अशा अपुऱ्या फायलींचे नेहमीचे कारण. पुष्कळ पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने आखलेले असतात आणि त्यांवर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, मग पेनड्राइव्ह चौसष्ट जीबीचा का असेना. दोन-तीन तासांचा वलीमा चार जीबी सहज ओलांडतो. पेनड्राइव्ह एक्सएफएटी पद्धतीने आखून घेतला की ही अडचण जाते. मात्र तसे करताना त्यावरचे सगळे पुसले जाते, तेव्हा रिकाम्या पेनड्राइव्हवरच करा.

आकार बरोबर आहे, तरीही चालत नाही? मग व्हीएलसी. ज्यांच्या संगणकावर हा प्लेयर आहे त्यांचे निम्मे प्रश्न इथेच संपतात. विंडोजचा स्वतःचा प्लेयर हा विंडोजकडे असलेल्या कोडेकांवर चालतो, व्हीएलसी आपले कोडेक स्वतःबरोबर घेऊन येतो. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली हे काम सुरू केले आणि २००१ पासून ते सर्वांना खुले आहे. फुकट आहे, जाहिराती नाहीत, नाव-फोन काही मागत नाही. रस्त्याचे काम चालू असताना ठेवतात तसला नारिंगी-पांढरा शंकू ही त्याची खूण. तो व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग या त्याच्या मूळ जागेवरूनच घ्यावा. २०२२ साली ही जागा भारतात काही महिने बंद होती, नोव्हेंबरात पुन्हा उघडली. त्या काळात कुणी इकडून-तिकडून व्हीएलसी मिळवून बसवला असेल तर तो काढून टाकून मूळ जागेवरून नवा घ्यावा, हे बरे.

बसवून झाल्यावर फाइलीवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मध्ये व्हीएलसी निवडा. चालली तर प्रश्न मिटला. चालली नाही किंवा अर्धवट चालली, तर व्हीएलसीच्या ‘टूल्स’मध्ये ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडा. डब्यात नक्की काय आहे ते तिथे लिहिलेले सापडते. चित्र कोणत्या पद्धतीचे, किती मोठे, आवाज कोणता. आम्हाला पत्र लिहिताना त्या पानाचा फोटो जोडला तर उत्तर देणे फार सोपे जाते. नुसते ‘चालत नाही’ एवढे लिहिले तर आम्हालाही अंदाजच करावा लागतो.

कुवेतच्या भावाच्या फाइलीत हेच झाले होते. त्याच्याकडे आयफोन. आयफोन ७ पासूनचे फोन २०१७ नंतर आपणहून एचईव्हीसी पद्धतीने चित्र घेतात, कारण त्यात जागा खूप कमी लागते. विंडोजला ती पद्धत येतेच असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या दुकानात त्यासाठी थोड्या पैशांत एक जोड मिळते, पण व्हीएलसी असेल तर तिची गरज नाही. पाठवणाऱ्यालाही एक गोष्ट करता येईल: फोनच्या सेटिंगमध्ये ‘कॅमेरा’, त्यात ‘फॉरमॅट्स’ आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’. यापुढचे सारे शूटिंग जुन्या, सगळ्यांना चालणाऱ्या पद्धतीने होईल. आधी घेतलेले मात्र आहे तसेच राहील. काही अँड्रॉइड फोनांतही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘हाय एफिशियन्सी’ नावाची अशीच कळ असते, ती बंद करावी. आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनांत आणखी एक गंमत आहे. त्यांतले एचडीआर चित्र जुन्या संगणकावर फिके, धुतल्यासारखे दिसते. मेहंदीचा रंग उडाला म्हणून कुणी फोटोग्राफरशी भांडू नये! ‘रेकॉर्ड व्हिडिओ’मध्ये ‘एचडीआर व्हिडिओ’ बंद केले की पुढच्या वेळी रंग जागेवर येतील.

व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो आणखी दाबला जातो आणि बारीक होऊन पोहोचतो. जपून ठेवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. दोन जीबीपर्यंतची फाइल तशी जशीच्या तशी येते.

चित्र अडखळत असेल, तर बहुधा फोर-के आकाराचा व्हिडिओ दहा-बारा वर्षांच्या जुन्या संगणकावर चालवण्याचा प्रयत्न होत असतो. चारचाकीचे ओझे सायकलवर. इतर सगळ्या खिडक्या बंद करून पाहा, आणि पेनड्राइव्हवरून थेट न चालवता फाइल आधी संगणकात उतरवून घ्या. याउलट पडदा हिरवा होणे, चौकोन-चौकोन दिसणे असे होत असेल तर व्हीएलसीच्या ‘टूल्स’, ‘प्रेफरन्सेस’, ‘इनपुट/कोडेक्स’मध्ये जाऊन ‘हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड डीकोडिंग’ हे ‘डिसेबल’ करा आणि व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडा. आवाज नसेल तर ‘ऑडिओ’मध्ये ‘ऑडिओ ट्रॅक’ पाहा, कधी तो नुसता बंद केलेला असतो.

आता जुन्या सीडी. २००० च्या आगेमागे ज्यांचे निकाह झाले त्यांच्या घरी व्हीसीडी असतात, एका लग्नाच्या दोन किंवा तीन, कारण एकीत साधारण सव्वा तासच मावतो. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. त्यासाठी बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, किंवा कुणाच्या तरी घरी जुना डेस्कटॉप धूळ खात पडलेला असतोच. व्हीसीडी उघडली की आत तीन-चार फोल्डर दिसतात. त्यांतला ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा उघडा. आत ‘एव्हीएसईक्यू०१’ अशा नावाची, डीएटी शेपटीची मोठी फाइल असते. तीच तुमचे लग्न. विंडोजला डीएटी हा शब्द अनोळखी, म्हणून ती ‘सपोर्टेड नाही’ म्हणते. ही फाइल संगणकात कॉपी करा आणि व्हीएलसीत उघडा. नाव बदलून काही होत नाही असे आम्ही वर म्हटले, त्याला हा एक अपवाद. प्रतीच्या नावातले डीएटी पुसून एमपीजी लिहिले की बहुतेक प्लेयर तिला ओळखू लागतात, कारण आत मुळात एमपीईजी-१ पद्धतीचाच माल असतो.

कॉपी मध्येच अडकली तर? व्हीसीडीत चित्राचा भाग जास्तीत जास्त मावावा म्हणून चुका सुधारण्याची जागा कमी ठेवलेली असते, त्यामुळे ओरखडा लगेच बाधतो. सीडी मऊ सुती कापडाने, मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसा, गोल-गोल फिरवून नाही. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा मुकाट्याने वाचतो असे वारंवार दिसते. तरीही अडकली तर सीडी थेट व्हीएलसीत चालवा, ‘व्ह्यू’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स’ सुरू करा आणि येणारे लाल बटण दाबा. जेवढे चालते तेवढे संगणकात उतरत जाते. अडलेल्या जागेच्या पुढे सरकवून उरलेले पुन्हा उतरवा. रायगडच्या बहिणीला आम्ही हेच लिहिले. तिचे उत्तर आले आहे: पहिली सीडी पूर्ण उतरली, दुसरीतला जेवणाचा भाग गेला, दुआ मिळाली. अल्हम्दुलिल्लाह.

डीव्हीडीचे प्रकरण थोडे वेगळे. तिच्यात ‘व्हिडिओ-टीएस’ नावाचे फोल्डर असते आणि त्यात सुमारे एकेक जीबीच्या व्हीओबी शेपटीच्या फायली. एकच फाइल कॉपी केली तर लग्न मध्येच तुटते, म्हणून पूर्ण फोल्डर उतरवा आणि व्हीएलसीच्या ‘मीडिया’मधून ‘ओपन फोल्डर’ करा. विंडोज ७ च्या काही आवृत्त्या डीव्हीडी आपणहून चालवत, नंतरच्या विंडोजने ती सोय काढून घेतली. “पूर्वी याच डीव्हीडी चालत होत्या हो” असे जे वाचक लिहितात त्यांचे म्हणणे खरे असते. छोट्या चकतीवर शूटिंग करणारे कॅमेरे एके काळी होते. त्यांतली चकती शेवटी ‘फायनलाइझ’ केली नसेल तर संगणकाला ती कोरीच दिसते. शूटिंग असते, दारच बंद असते. तो कॅमेरा शोधून त्यातच ते काम पुरे करावे लागते.

चकत्या कायम टिकत नाहीत. ऊन, उष्णता, कोकणातली दमट हवा, सगळे त्यांच्या मुळावर येते. आज चालते आहे ती आजच उतरवून ठेवा, एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या घरी.

खरोखर तुटलेली फाइल वेगळी असते. शूटिंग चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी संपली, दिवे गेले, फोन पडून बंद झाला. एमपी४ आणि एमओव्ही डब्यांत कोणते चित्र कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते, आणि बहुतेक कॅमेरे ती शूटिंग थांबवल्यावर शेवटी लिहितात. थांबवण्याची वेळच आली नाही तर अनुक्रमणिका लिहिली जात नाही. पुस्तकाची पाने सगळी आहेत, पण सुटी आणि क्रमांक नसलेली. अशी फाइल व्हीएलसीही उघडत नाही. आकार मात्र भरपूर दिसतो, आणि तीच आशेची खूण. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर घेतलेली दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून दिली तर तिच्या आधाराने ही अनुक्रमणिका पुन्हा बांधता येते. अनट्रंक नावाचा एक फुकट प्रोग्राम हे काम करतो. तो वापरायला सोपा नाही, घरातल्या जाणत्या मुलाला बसवावे लागेल. म्हणून त्या दिवसाची त्याच कॅमेऱ्यातली कुठलीही दुसरी क्लिप, अगदी फालतू वाटली तरी, पुसू नका. जुन्या एव्हीआय डब्यातही अनुक्रमणिका असते. ती तुटली असेल तर व्हीएलसी स्वतःच विचारतो, बांधून घेऊ का? हो म्हणा.

सर्वांत जास्त नुकसान मात्र तुटलेल्या फायलींनी होत नाही, उतावळेपणाने होते. ‘ही फाइल चालवण्यासाठी अमुक कोडेक उतरवा’ अशी पाटी इंटरनेटवर दिसते, मुलगा क्लिक करतो, आणि व्हिडिओ तर चालत नाहीच, वर संगणकात भलतेच काही शिरते. ही युक्ती जुनी आहे. २००५ च्या शेवटी सापडलेला झ्लॉब नावाचा घातक प्रोग्राम व्हिडिओ कोडेकाचे सोंग घेऊनच फिरत होता. दुसरी युक्ती नावाची. विंडोज नेहमी फाइलीची शेपटी लपवते, त्यामुळे ‘निकाह डॉट एमपी४ डॉट ईएक्सई’ ही फाइल तुम्हाला ‘निकाह डॉट एमपी४’ दिसते. ईएक्सई म्हणजे व्हिडिओ नव्हे, तो चालू होणारा प्रोग्राम. फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण केली की शेपट्या दिसू लागतात. ज्या घरात मुले संगणक वापरतात तिथे ही खूण आजच करा. मॅकवरचा क्विकटाइम एमओव्ही फायलींसाठी विंडोजवर बसवण्याचा सल्लाही अजून कुणी देतात. ॲपलने विंडोजसाठीचा क्विकटाइम २०१६ सालीच सोडून दिला आहे. कुणाकडे असेल तर काढून टाका.

आता दुकानाचे. फाइल घेऊन दुकानात जाणे आपल्याला फार साधे वाटते. दुकानदार भला माणूस असतो, आपल्याच मोहल्ल्यातला असतो. पण निकाहाच्या फाइलीत नवरा-नवरीच असतात का? बायकांच्या हॉलमध्ये बुरखा उतरवून बसलेल्या खाला, चाची, मामी असतात, शेजारच्या मुली असतात, हसत-गात असतात. त्यांनी कॅमेऱ्याला ना म्हटले नाही ते घरच्या विश्वासावर. दुकानातल्या संगणकाला त्यांची इजाजत नव्हती. तिथे फाइल उतरली की ती तिथेच राहते. त्या संगणकावर चार पोरे काम करतात, उद्या तो विकला जातो. ‘ऑनलाइन कन्व्हर्टर’चेही तेच. फाइल बदलून मिळते खरी, पण आधी ती कुणाच्या तरी संगणकावर चढवावी लागते, आणि तो कुणाचा हे आपल्याला ठाऊक नसते. आम्ही याला अमानतीचा प्रश्न समजतो. ज्यांचे चेहरे त्यात आहेत त्यांची ती अमानत आहे आणि घरातल्या ज्याच्या हाती पेनड्राइव्ह आहे त्याच्यावर तिची जबाबदारी.

दुकानाशिवाय गत्यंतर नसेल तर एक उपाय आहे. एकाच कॅमेऱ्याच्या सगळ्या फायलींचा कोडेक बहुधा एकच असतो. पुरुषांच्या बाजूची, नाही तर रिकाम्या मांडवाची एखादी छोटी क्लिप नमुना म्हणून न्या. ती ज्या उपायाने चालली त्याच उपायाने बाकीच्या घरी चालतील. आणि पेनड्राइव्ह नवा कोरा न्या. जुन्यावरून पुसलेल्या फायली पुन्हा काढता येतात, हे दुकानातल्या पोरांना तुमच्या-आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते. तुटलेल्या फाइलीची दुरुस्ती करायची असेल तर तीच फाइल द्यावी लागेल, मग घरातले कुणी तरी काम होईपर्यंत शेजारी बसावे आणि नंतर प्रत समोर पुसून घ्यावी. दुकानदाराला राग येण्याचे काही कारण नाही.

पद्धत बदलण्याचे काम तर घरीच होते. हँडब्रेक नावाचा प्रोग्राम फुकट आहे, इंटरनेट बंद ठेवूनही चालतो. त्यात फाइल किंवा डीव्हीडीचे पूर्ण फोल्डर उघडा. फोनच्या व्हिडिओसाठी ‘फास्ट १०८०पी३०’ आणि आपल्याकडच्या डीव्हीडीसाठी ‘फास्ट ५७६पी२५’ हे तयार साचे निवडा आणि ‘स्टार्ट’ दाबा. एच.२६४ चित्राची एमपी४ फाइल तयार होते. जुन्या संगणकावर एका तासाच्या व्हिडिओला कित्येक तास लागू शकतात. रात्री इशानंतर लावून झोपावे, फजरला उठेपर्यंत झालेले असते. मूळ फाइल मात्र पुसायची नाही. प्रत्येक वेळी बदलताना चित्र थोडे उतरते, आणि दहा वर्षांनी याहून चांगला प्रोग्राम आला तर मूळच हवे असेल.

ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांनी बयाणा देतानाच व्हिडिओवाल्याशी बोलून घ्यावे. “भाई, आम्हाला एच.२६४ ची एमपी४ द्या. एडिट केलेलेही आणि कच्चेही. बायकांकडचे वेगळ्या ड्राइव्हवर द्या. आणि तुमच्याकडची प्रत किती तारखेला पुसणार ते लिहून द्या.” शेवटची अट ऐकून काही जण कुरकुर करतात. ती सोडू नका. बायकांच्या बाजूला शूटिंग आणि एडिटिंग करणाऱ्या मुली आता पुष्कळ शहरांत मिळतात, हेही विचारून पाहावे. ड्राइव्ह हातात आला की त्याच आठवड्यात घरच्या संगणकावर प्रत्येक फाइल पहिली, मधली आणि शेवटची दोन मिनिटे चालवून बघा. व्हिडिओवाल्याकडे मूळ असते तोवरच तक्रारीला अर्थ असतो.

औरंगाबादच्या एका वाचकांनी विचारले आहे की संगणकावर चालणारी फाइल पेनड्राइव्हने टीव्हीला लावली की आवाज का येत नाही. टीव्हीतही कोडेकच असतात आणि त्याला व्हीएलसी बसवण्याची सोय बहुधा नसते. काही आवाजाच्या पद्धती, विशेषतः डीटीएस, पुष्कळ टीव्हींना येत नाहीत. हँडब्रेकमध्ये आवाजासाठी ‘एएसी’ निवडून नवी फाइल करा, चित्र एच.२६४ च राहू द्या. ती अलीकडच्या बहुतेक टीव्हींवर चालते. पेनड्राइव्हच टीव्हीला दिसत नसेल तर तो एफएटी३२ ने आखून पाहा आणि फाइल चार जीबीच्या आत ठेवा. फाइलीचे नाव इंग्रजी अक्षरांत आणि लहान असू द्या. उर्दू किंवा मराठी नाव काही टीव्हींना चौकोनासारखे दिसते आणि मग कोणती फाइल कोणती, हे घरातल्या कुणालाच कळत नाही.